काळी, पांढरी आणि शिरोहीन देवी: महाराष्ट्राच्या आद्य शेतकऱ्यांची विश्वकल्पना

वाशिम जिल्ह्याचा उंचवटा हा दोन मोठ्या खोऱ्यांमधला जलविभाजक आहे. येथे उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे उतरून पूर्णेला आणि पूर्णेच्या द्वारे तापीला मिळते, तर दक्षिणेकडून वाहणाऱ्या पैनगंगेचे पाणी वर्धा आणि प्राणहिता या नद्यांतून अखेर गोदावरीत जाते. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी, गोदावरी आणि तिला मिळणाऱ्या प्रवरेच्या काठी, भीमा-घोडच्या खोऱ्यात आणि तापीच्या काठावर, महाराष्ट्रातील पहिली स्थिर शेतकरी गावे नांदत होती. त्यांपैकी जोर्वे संस्कृती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावांचा विस्तार पूर्वेकडे वऱ्हाडापर्यंत पोहोचला होता, हे अमरावती जिल्ह्यातील तुळजापूर गढी येथील उत्खननाने सिद्ध झाले. वाशिमच्या पूर्वेस नागपूर परिसरात त्यानंतर काही शतकांनी लोखंड वापरणाऱ्या लोकांनी मृतांसाठी प्रचंड शिळांची वर्तुळे रचली. या दोन भिन्न जगांच्या मधोमध असलेल्या भूमीवरून पाहिले असता, लेखनकला अवगत नसलेल्या या माणसांनी जीवन, मृत्यू, पाऊस आणि पीक यांची सांगड कशी घातली असावी, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांपुरता राहत नाही. आजही वाशिमचा कास्तकार ज्या काळ्या मातीत तिफण चालवतो, त्याच जातीच्या मातीत त्या कल्पना रुजल्या होत्या.

या काळास ताम्रपाषाणयुग असे म्हणतात, कारण या लोकांना तांबे ठाऊक असले तरी ते दुर्मीळ होते आणि रोजच्या कामासाठी ते गारगोटीच्या जातीच्या दगडांची लहान, धारदार पाती वापरत असत. त्यांच्या भांड्यांवरून आणि भांडी प्रथम सापडलेल्या गावांवरून त्यांच्या संस्कृतींना सावळदा, माळवा, जोर्वे अशी नावे मिळाली. जोर्वे हे संगमनेरजवळचे प्रवराकाठचे गाव आहे, आणि तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी काढलेली, खणखणीत भाजलेली भांडी ही त्या संस्कृतीची खूण होय. त्यांच्या देवांची नावे, मंत्र आणि कथा काळाच्या ओघात पूर्णपणे लोपल्या आहेत. जे उरले आहे ते वस्तूंच्या मांडणीत, म्हणजे कोणती वस्तू कोठे, कोणत्या दिशेने आणि कशाच्या शेजारी ठेवली, यातच उरले आहे. म्हणूनच या विषयात वस्तूपेक्षा तिची जागा अधिक बोलकी ठरते.

अशा मांडणीचा सर्वांत समृद्ध पुरावा पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावाने दिला. डेक्कन कॉलेजच्या वतीने हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी 1968 ते 1983 या काळात तेथे उत्खनन केले. इ.स.पू. 1600 च्या सुमारास माळवा संस्कृतीच्या लोकांनी वसवलेले हे गाव पूर्व-जोर्वे आणि उत्तर-जोर्वे अशा टप्प्यांतून जात इ.स.पू. 700 च्या सुमारास ओसाड पडले. शंभराहून अधिक घरांचे अवशेष, धान्याच्या कणग्या, चुन्याने लिंपलेली पेवे, चुली, पाण्याचा पाट आणि दोनशेहून अधिक दफने येथे मिळाल्यामुळे, एका प्रागैतिहासिक गावाचे नऊशे वर्षांचे जीवन जवळून पाहण्याची दुर्मीळ संधी अभ्यासकांना लाभली.

या गावातील एका घराच्या कोपऱ्यात, जमिनीखाली पुरलेली एक लंबवर्तुळाकार मातीची डबी सापडली. डबीवर झाकण होते. तिच्यासोबत एक स्त्रीमूर्ती होती, जिला मस्तक नव्हते. तिचे मस्तक तुटलेले नसून ती मुळातच मस्तकाविना घडवलेली होती. तेथेच मस्तक असलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैलही ठेवलेला होता. शिरोहीन मूर्तीच्या पोटाला एक छिद्र होते आणि बैलाच्या पाठीवरही छिद्र होते. दोन्हींत एक काडी खोवली की ती देवी बैलावर नीट आरूढ होई. या सर्व वस्तू कच्च्या मातीच्या, म्हणजे भट्टीत न भाजलेल्या होत्या. ज्या कुंभारांना अत्यंत उत्तम भाजलेली भांडी घडवता येत होती, त्यांच्याच गावात देवता मात्र कच्ची ठेवली गेली, ही गोष्ट अपघाताने घडणे शक्य नाही. भाजलेली माती पुन्हा माती होत नाही. कच्ची माती पाण्याने किंवा ओलीने जमिनीशी एकरूप होते. ज्या विधीसाठी ही मूर्ती घडवली, त्या विधीत तिने जमिनीत परत जाणे अभिप्रेत असावे, असे अनुमान येथे बळकट होते.

नेवासे येथेही, प्रवरेच्या काठी 1954 ते 1956 दरम्यान झालेल्या उत्खननात, ओबडधोबड घडणीची शिरोहीन स्त्रीमूर्ती मिळाली होती. त्यामुळे इनामगावची देवी ही एखाद्या कुटुंबाची लहर नव्हती, तर अनेक गावांनी मानलेली कल्पना होती, असे म्हणता येते. मस्तक का नसावे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना अभ्यासकांनी आधीच्या आणि नंतरच्या काळातील प्रतिमांकडे वळून पाहिले आहे. हडप्पा येथील एका मुद्रेवर खाली डोके, वर पाय अशा स्थितीतील स्त्रीच्या गर्भातून एक रोप बाहेर पडताना दाखवले आहे. त्यानंतर दोन हजार वर्षांहून अधिक काळाने, गुप्तकाळात, भीटा येथील एका मृण्मय प्रतिमेत स्त्रीच्या मस्तकाच्या जागी कमळ उमललेले दिसते, आणि याच जातीच्या प्रतिमा महाराष्ट्रात तेर, पैठण, भोकरदन अशा प्राचीन नगरांत मोठ्या संख्येने मिळाल्या आहेत. या देवतेला आज लज्जागौरी म्हणतात आणि रा. चिं. ढेरे यांनी 1978 मध्ये याच नावाच्या ग्रंथात तिची साक्षेपी मीमांसा केली. चेहरा हा व्यक्तीची ओळख देतो, पण भूमीला व्यक्ती म्हणून ओळखण्याची गरज नसते; तिची ओळख तिच्या प्रसवशक्तीतच असते. म्हणून त्या शक्तीचे अवयव ठळक केले गेले आणि मुख वगळले गेले, हा तर्क सर्वांत समाधानकारक वाटतो. ढवळीकरांनी इनामगावच्या देवीचा संबंध शाकंभरीशी, म्हणजे मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्यात अवर्षणाच्या काळी स्वतःच्या देहातून निघालेल्या भाजीपाल्याने जगाचे पोषण करण्याचे अभिवचन देणाऱ्या देवीशी जोडला.

वाशिमच्या वाचकाला या संदर्भात माहूरची रेणुका आठवल्याशिवाय राहणार नाही. पैनगंगेच्या परिसरातील या शक्तिपीठात देवीचे केवळ मुख पूजले जाते आणि खेडोपाडी शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे हातपाय नसलेले, केवळ मुखासारखे पाषाणरूप, देवी म्हणून मांडलेला असतो. एकीकडे मस्तकाविना देह आणि दुसरीकडे देहाविना मस्तक, अशा दोन टोकांच्या प्रतिमा एकाच मातृकल्पनेच्या असू शकतात, असे ढेरे यांच्या विवेचनातून सूचित होते. तथापि इनामगाव ओसाड पडणे आणि माहूरच्या देवीचा उल्लेख येणे यांत शतकानुशतकांची दरी आहे, आणि ती दरी केवळ साम्याच्या आधारे बुजवणे हा अभ्यासाचा मार्ग नव्हे. पाश्चात्त्य अभ्यासात या बाबतीत एक मोठा धडा मिळालेला आहे. मारिया गिंबुतास यांनी युरोपातील नवाश्मयुगीन स्त्रीमूर्तींवरून एका सर्वव्यापी महामातेचा धर्म कल्पिला. पण पीटर अक्को यांनी 1968 मध्येच दाखवून दिले होते की, प्रत्येक स्त्रीमूर्ती देवी असतेच असे नाही. ती खेळणे, नवसाची वस्तू किंवा विधीनंतर टाकून देण्याचे साधनही असू शकते. इनामगावची डबी या आक्षेपातून तरून जाते, कारण ती झाकून, मांडून आणि जमिनीखाली जपून ठेवलेली होती. मूर्ती एकटी सापडली असती तर हे ठामपणे म्हणता आले नसते.

देवीच्या बैठकीइतकेच महत्त्वाचे तिचे वाहन आहे. नांगरटीचा, मळणीचा आणि ओझ्याचा भार वाहणारा बैल हा या समाजाचा खरा कणा होता, आणि इनामगावच्या उत्तर-जोर्वे काळातील एका भांड्यावर बैल जोडलेल्या गाडीचे चित्र कोरलेले आढळले आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे तर 1974 मध्ये झाडाचे मूळ खणत असताना चार घन धातुमूर्ती मिळाल्या: बैलजोडीच्या रथात उभा असलेला पुरुष, रेडा, हत्ती आणि गेंडा. सर्वांचे वजन मिळून 60 किलोहून अधिक भरले. रथाची लांबी सुमारे 45 सेंटिमीटर आहे. तांबे दुर्मीळ असलेल्या समाजाने एवढा धातू एका ठिकाणी खर्च केला, ही बाब त्यामागील श्रद्धेचे वजन दाखवते. प्राण्यांना चाकांवर ओढण्याची सोय होती, म्हणून त्या मिरवणुकीत फिरवल्या जात असाव्यात, असे मत मांडले गेले आहे. त्यांच्या काळाविषयी मात्र एकमत नाही. धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून काही तज्ज्ञांनी त्या खरोखर उत्तर-हडप्पाकालीन आहेत का, अशी शंका घेतली, तर इतरांनी त्या इ.स.पू. 2000 च्या आसपासच्या मानल्या. दायमाबादच्याच माळवा काळातील स्तरांत अग्निकुंडे असलेले मातीचे चौथरे मिळाले आहेत, ज्यांवरून अग्नीलाही विधीत स्थान होते, एवढे कळते.

वऱ्हाडात श्रावण अमावास्येला पोळ्याच्या दिवशी बैलांची शिंगे रंगवून, झूल पांघरून आणि घुंगरमाळा बांधून त्यांना तोरणाखाली आणले जाते. आदल्या दिवशी त्यांच्या खांद्यांना तूप-हळद चोळली जाते आणि ज्यांच्या घरी बैलजोडी नाही ते मातीचे बैल करून त्यांची पूजा करतात. या मातीच्या बैलांचा इनामगावच्या बैलाशी थेट वंशसंबंध सांगणे धाडसाचे होईल. तरीही, जेथे बैलाच्या श्रमावर पीक अवलंबून असते तेथे बैल पूजनीय ठरतो, हे कारण दोन्ही ठिकाणी तेच आहे, आणि कारणाचे सातत्य हे कथेच्या सातत्यापेक्षा अधिक विश्वसनीय असते. वाशिमसह विदर्भात कापसाच्या वेचणीच्या आरंभी होणाऱ्या सीतादहीबद्दलही असेच म्हणता येईल. वावरात दहीभाताचा नैवेद्य ठेवून ज्या सीतेला आवाहन केले जाते ती वैदिक वाङ्मयात नांगराच्या तासाची, म्हणजे नांगरलेल्या रेषेची देवता होती. कापूस हे आजचे पीक असले तरी, जमिनीने दिलेल्या पहिल्या वाट्यातून काही तिला परत करण्याची ही रीत शेतीइतकीच जुनी आहे, असे मानण्यास जागा आहे.

आद्य शेतकऱ्यांच्या विश्वकल्पनेचा गाभा मात्र देवीपेक्षाही अधिक स्पष्टपणे त्यांच्या मृतांच्या मांडणीत दिसतो. लहान मुले मरण पावली की दोन राखी रंगाची, हाताने घडवलेली मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवीत आणि त्यांत मूल घालून ती घराच्या जमिनीखाली खड्ड्यात पुरत. जोडलेल्या दोन मडक्यांच्या या बंद पोकळीत गर्भाशयाची कल्पना असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते. प्रौढ मृतांना लांब, उताणे, डोके उत्तरेकडे आणि पाय दक्षिणेकडे करून पुरत. शेजारी पाणी व अन्नासाठी तोटीची भांडी आणि वाडगे ठेवत. पुरण्यापूर्वी बहुधा त्यांचे घोट्याखालचे पाय कापून टाकलेले असत. आजच्या वाचकाला हे क्रूर वाटेल, पण ज्याच्या डोक्याजवळ प्रेमाने पाणी ठेवले आहे त्याच माणसाचे पाय कापले आहेत, हे एकत्र पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. मृताने घरातच राहावे, परंतु चालत फिरू नये, घराबाहेर जाऊ नये आणि भूत होऊन गावाला त्रास देऊ नये, अशी माया आणि भीती यांची एकाच वेळी असलेली भावना त्यामागे असावी. मृत व्यक्ती घराबाहेर टाकून द्यायची वस्तू नव्हती. जिथे पेवात धान्य होते आणि कोपऱ्यात देवी पुरलेली होती, त्याच जमिनीत पूर्वजही होते.

बी, देवी आणि मृत, या तिघांना एकाच घराच्या जमिनीखाली स्थान मिळाले, ही इनामगावची सर्वांत मोठी साक्ष आहे. आधुनिक मनाला धर्म म्हणजे आकाश, देवालय आणि शिखर असे वाटते; या शेतकऱ्यांसाठी विश्वाचा मध्यबिंदू पायाखालच्या सारवलेल्या जमिनीत होता. जे खाली जाते ते परत वर येते, हे त्यांनी दर पावसाळ्यात बियांच्या बाबतीत पाहिले होते, आणि मृताबाबत तसे प्रत्यक्ष घडत नसले तरी तीच आशा त्यांनी जमिनीवर टाकली होती. तुर्कस्तानातील चातालहोयुक येथील गावात इ.स.पू. 7100 ते 5950 या काळात नेमकी अशीच रचना दिसते: मृत घरातील ओट्याखाली, भिंतींत बैलांची शिंगे, आणि दोन मार्जारवर्गीय प्राण्यांवर हात टेकून बसलेल्या स्त्रीची मूर्ती धान्याच्या कोठारात. इतक्या दूरच्या दोन समाजांत थेट संपर्क शोधण्याची आवश्यकता नाही. साठवलेल्या धान्यावर जगणाऱ्या कोणत्याही समाजाला घर, कोठार आणि पूर्वज यांत एकच नाते दिसू लागते, हे यातून स्पष्ट होते.

इनामगावात एक मृत मात्र सर्वांहून वेगळा पुरला गेला. गावाच्या मध्यभागी असलेल्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, ज्या घरालगत धान्याचे कोठारही होते, चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात सुमारे चाळीस वर्षांच्या पुरुषाला बसलेल्या स्थितीत ठेवले होते. त्याचे पाय कापलेले नव्हते. कोठारावर ज्याचा अधिकार त्याला मृत्यूनंतरही आपल्या पायांवर वावरण्याची मुभा होती, असा याचा अर्थ असल्यास, सामाजिक श्रेणी परलोकाच्या कल्पनेत शिरल्याचा हा महाराष्ट्रातील अत्यंत जुना दाखला ठरतो.

इ.स.पू. 1000 च्या सुमारास पर्जन्यमान घटू लागले आणि जोर्वे लोकांची बहुतेक गावे उजाड झाली. इनामगाव टिकले, पण प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेतीपेक्षा पशुपालन आणि शिकार यांवर अधिक भिस्त ठेवावी लागली आणि भांड्यांची घडण निकृष्ट झाली. तरीही त्या दारिद्र्यात झोपडीच्या जमिनीखाली मृतांना पुरण्याची रीत सोडली गेली नाही. घराचा आकार बदलला, आहार बदलला, पण पायाखालच्या जमिनीवरचा विश्वास शेवटपर्यंत राहिला, हे पाहून त्या श्रद्धेविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

पूर्व विदर्भात जे त्यानंतर आले त्याने ही मांडणी पुरती उलटवली. जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा या स्थळी शिलावर्तुळे उभारणाऱ्या लोकांनी मृतांना घरातून काढून गावाबाहेर, खुल्या माळावर नेले, आणि त्यांच्यासोबत लोखंडी हत्यारे व काही ठिकाणी घोडेही पुरले. माहुरझरीच्या घोड्यांना तांब्याचे अलंकार घातलेले होते. जुनापाणीच्या शिळांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत, ज्यांचा अभ्यास रिव्हेट-कार्नॅक यांनी 1879 मध्येच प्रसिद्ध केला होता, आणि त्यांची मांडणी दिशांशी निगडित असावी, असे अलीकडील काही अभ्यासकांचे मत आहे. येथे पूर्वज घराचे राहिले नाहीत. ते माळाचे आणि बहुधा आकाशाचेही झाले. त्यानंतर आणखी शतके उलटल्यावर, वाशिम ही वत्सगुल्म नावाने वाकाटकांची राजधानी असताना, विंध्यशक्ती दुसरा याने चौथ्या शतकात अथर्ववेदी ब्राह्मणांना गावाचे दान दिल्याचा ताम्रपट लिहिला गेला, जो 1939 मध्ये वाशिमला उजेडात आला. दाता, घेणारे, वेद आणि गाव यांची नावे ताम्रपटात कायमची कोरली गेली. घोडकाठच्या त्या कच्च्या देवीचे नाव मात्र कोणीही लिहून ठेवले नाही.

मराठी शेतकरी आपल्या गावाची जमीन काळी आणि पांढरी अशी ओळखतो: काळी म्हणजे पीक देणारी आणि पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वस्तीच्या भिंती, राख आणि शेण मिसळून तयार झालेली गावठाणाची माती. पुरातत्त्वज्ञ प्राचीन वस्ती शोधताना नदीकाठच्या याच पांढऱ्या मातीच्या टेकाडांचा माग काढतात, आणि वऱ्हाडातील कित्येक गढ्या अशाच टेकाडांवर उभ्या आहेत. ही माती धाब्याच्या छपरावर घालण्यासाठी आणि खत म्हणून शेतात टाकण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या खणली गेली आहे. आता ती ट्रॅक्टरने आणि जेसीबीने वाहून नेली जाते. भाजलेले मडके अशा खणण्यात फुटले तरी खापर म्हणून उरते आणि जाणकाराच्या नजरेस पडू शकते. कच्च्या मातीची देवी, तिची डबी आणि तिचा बैल यांना अशी दुसरी संधी नसते. पात्याखाली आल्यावर त्यांचे ढेकूळ आणि शेजारचे ढेकूळ यांत काहीही फरक उरत नाही.